गौर त्या घरी का आली?

(ग्रामसंघाच्या श्रावण महिन्यातल्या सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या सदस्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज आपल्यापुढे कर्जमागणीचे अर्ज आहेत. श्रावण संपत आला की हे अर्ज वाढतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. अर्जावर कारण लिहिलेलं असतं ‘घरखर्च’. पण शेजारी बसून विचारलं की ताई हळूच म्हणतात, “गौरी आल्यात ना तोंडावर!” म्हणून अर्ज वाचायच्या आधी अध्यक्षांकडून मी थोडा वेळ मागून घेतलाय. या वेळात मला गौरीची कहाणी सांगायची आहे. मी वयानं तुमच्या लेकीएवढी. पुरण कसं शिजवायचं आणि गौरीला साडी कशी नेसवायची, हे मी तुम्हाला शिकवणार नाही. पण जी कहाणी आपण दर वर्षी हातात अक्षता धरून ऐकतो, ती यंदा जरा कान देऊन ऐकूया.

तीन दिवसांची माहेरवाशीण

भाद्रपदात गणपती बसतो आणि दोन-तीन दिवसांत गौरी येतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. मधल्या दिवसाच्या नक्षत्रावरून ‘ज्येष्ठा गौर’ हे नाव पडलं. तिच्यासोबत धाकटी बहीण कनिष्ठा असते. पहिल्या दिवशी उंबऱ्यावर पाय धुऊन तिला आत घ्यायची, पावलं काढत घरभर फिरवायची, दूध-दुभतं, धान्याची कोठी, दागिन्यांची पेटी सगळं दाखवायचं. लेक माहेरी आली की आपण जसं “बघ गं, यंदा हे केलं, ते केलं” म्हणत घर दाखवतो, अगदी तसंच. पहिल्या रात्री भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा थाट आणि तिसऱ्या दिवशी निरोप. निरोपाच्या वेळी कितीतरी घरांत बायकांचे डोळे भरून येतात.

आपल्या महाराष्ट्रात गौर एकसारखी कुठेच नाही. कोकणात तेरड्याची गौर असते. तेरड्याची रोपं मुळासकट आणायची, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. काही घरांत खड्यांची गौर असते. नदीवरून किंवा विहिरीवरून पाच-सात खडे, वाटेत कुणाशी न बोलता घरी आणायचे. देशावर मुखवट्यांच्या गौरी असतात, कुठे शाडूच्या, कुठे पितळेच्या. मराठवाड्यात आणि विदर्भात आपण त्यांना ‘महालक्ष्म्या’ म्हणतो, त्यांच्यापुढे त्यांची बाळंही बसवतो. तिथे सोळा भाज्या, सोळा पदरी दोरा आणि पुरणपोळीच्या पानावर आंबील हवीच. कोकणात नव्या सुना सुपं घेऊन ओवसा भरतात, आणि काही समाजांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मटणाचा नैवेद्यही असतो. कुणाची पद्धत खरी आणि कुणाची खोटी, असं यात काही नाही. ज्या मातीत जे उगवतं आणि ज्या घरात जे शिजतं, त्यातून गौर उभी राहते.

गौरीमागे एक पुराणातली कथा सांगतात. असुरांनी फार उच्छाद मांडला, तेव्हा त्रासलेल्या बायका एकत्र जमल्या आणि महालक्ष्मी गौरीला शरण गेल्या. तिनं असुरांना मारलं आणि बायकांचं सौभाग्य राखलं. ही कथा लहान आहे. पण बायका एकेकट्या रडत बसल्या नाहीत, मिळून गेल्या, एवढं आपण लक्षात ठेवूया.

दुसरी आहे ती चातुर्मासाच्या पोथीतली कहाणी. आज मला खरं बोलायचंय ते तिच्याबद्दल.

कहाणी

एका नगरात एक गरीब ब्राह्मण राहत होता. भाद्रपद आला आणि घरोघरी गौरी आल्या. रस्त्यानं नटलेल्या बायका जाऊ लागल्या, घंटा वाजू लागल्या. त्याच्या पोरांनी ते पाहिलं आणि घरी येऊन आईच्या मागे लागली, आपल्याकडेही गौर आण. आई म्हणाली, गौर आणायची म्हणजे पूजा आली, घावन-घाटल्याचा नैवेद्य आला. घरात काही नाही. बापाला सांगा, त्यांनी सामान आणलं तर मी गौर आणते.

पोरं बापाकडे गेली. बाप काय करणार? जवळ दमडी नाही, मागायला गेलं तर कुणी देत नाही. सोन्यासारखी पोरं एवढंसं मागतायत आणि आपल्याला तेवढंही देता येत नाही, हे त्याच्या मनाला लागलं. तो उठला आणि तळ्याकडे चालू लागला, जीव द्यायला.

ताईंनो, इथे क्षणभर थांबूया. गौरीची कहाणी इतकी वर्षं आपण ऐकतो, पण सणाचा खर्च झेपत नाही म्हणून एक बाप मरायला निघाला, ही गोष्ट त्या कहाणीच्या पोटात आहे. ती आपण भरभर वाचून पुढे जातो, कारण आपल्याला गाई-म्हशी कधी येतात त्याची घाई असते.

पुढे काय झालं? वाटेत संध्याकाळ झाली आणि एक म्हातारी भेटली. तिला त्याच्या पावलांची चाहूल लागली. कोण रे बाबा, म्हणून तिनं विचारलं. त्यानं मन मोकळं केलं. तिनं चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. मग तो तिला घेऊन घरी आला. बायकोनं दिवा लावला, पाहुणी कोण म्हणून विचारलं. त्यानं सांगितलं, आजी आहे. घरात दाणा नाही आणि नवरा पाहुणी घेऊन आलाय! पण ती माउली काही बोलली नाही. आंबिलीपुरत्या कण्या आहेत का, म्हणून तिनं मडक्यात हात घातला, तर मडकं कण्यांनी भरलेलं. त्या रात्री पोटभर पेज शिजली आणि सगळे समाधानानं झोपले.

सकाळी म्हातारी म्हणाली, मला न्हाऊ घाला, नैवेद्य करा, नाही म्हणून रडगाणं गाऊ नका. ब्राह्मण भिक्षेला गेला, त्या दिवशी त्याला गूळ आणि सामान भरपूर मिळालं. मग म्हातारी म्हणाली, उद्या खीर करा. त्यानं विचारलं, दूध कुठून आणू? ती म्हणाली, जेवढी गुरं हवी असतील तेवढे खुंट पूर, दावी बांध, तिन्हीसांजेला नावं घेऊन हाका मार. त्यानं खुंट पुरले, हाका मारल्या आणि गोठा भरला.

तिसऱ्या दिवशी म्हातारी म्हणाली, आता मला पोचती कर. तो घाबरला. तुम्ही गेलात की हे सगळं जाईल, म्हणाला. तेव्हा तिनं सांगितलं की ज्येष्ठा गौर ती मीच. निघताना तिनं वाळू दिली. ही वाळू हंड्यावर, मडक्यावर, पेटीत, गोठ्यात टाक, म्हणजे कमी पडणार नाही. आणि व्रत कसं करायचं तेही सांगितलं. तळ्याच्या काठी जायचं, दोन खडे आणायचे, ऊन पाण्यानं धुवायचे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा म्हणून मांडायचे आणि पूजा करायची.

तिनं मागितलं काय?

आता मला सांगा, ज्या दिवशी गौर त्या घरी आली, त्या दिवशी त्या घरात काय होतं? रोषणाई नव्हती, मखर नव्हतं, जरीची साडी नव्हती. गावात ऐपतीची घरं होती, तिथे घंटा वाजत होत्या. ती त्या घरांकडे गेली नाही. तळ्याच्या वाटेवर उभी राहिली आणि ज्याच्याकडे काही नव्हतं, त्याच्या घरी पेज पिऊन झोपली. आणि तिनं स्वतःसाठी मागितलं काय, तर तळ्याकाठचे दोन खडे. ते तळं तेच, जिथे तो जीव द्यायला निघाला होता.

आपल्या पूजेत अजूनही ही गरिबीची खूण राहिली आहे. तेरडा, आघाडा, दूर्वा, पत्री सगळं बांधावर फुकट मिळतं. सोळा भाज्या म्हटलं की डोळ्यांपुढे मोठा बाजार येतो. पण भाद्रपदात तांदुळजा, अंबाडी, अळू, भोपळा, दोडका, गवार आपल्या परसात आणि शेजारणीच्या बांधावर असतात. इकडून चार पानं, तिकडून चार शेंगा करत सोळा होतात. एवढ्या थाटाच्या पुरणपोळीच्या पानावर साधी आंबील का, तर मला वाटतं ती त्या पहिल्या रात्रीची आठवण आहे.

भाद्रपद हा शेतकऱ्याच्या घरातला सगळ्यात तंगीचा काळ. बियाणं, खत, फवारणी यांत हातातले पैसे गेलेले असतात. सोयाबीन, कापूस अजून शेतात उभा. शाळेचा खर्च नुकताच झालेला. कहाणीतलं मडकं रिकामं होतं ते उगाच नाही. ज्यांनी ही कहाणी रचली, त्यांना भाद्रपदातली घरं माहीत होती. आणि नेमक्या याच महिन्यात आज आपण सजावटीवर, नव्या मुखवट्यांवर, वर्षाला नव्या दोन साड्यांवर आणि पन्नास पानांवर पैसे काढतो. हौस असावी, मी नाही म्हणत नाही. तीन दिवस आपल्या हातानं घर सजवायचं, शेजारपाजारच्या बायका येणार, झिम्मा-फुगडी होणार, यात जो आनंद आहे तो दुसऱ्या कशात नाही. हातात पैसा आहे त्यांनी खुशाल करावं. पण शेजारणीच्या गौरीपेक्षा आपली गौर कमी दिसू नये, या धास्तीनं जे कर्ज निघतं, ते गौरीनं मागितलेलं नाही.

जरा हिशेब करू. समजा एखाद्या ताईनं सणासाठी गावातल्या सावकाराकडून शेकडा ५ रुपये महिन्याच्या दरानं १०,००० रुपये घेतले. महिन्याला ५०० रुपये नुसतं व्याज. मुद्दल फिटलं नाही, तर पुढच्या गौरी येईपर्यंत ६,००० रुपये व्याजात गेले आणि १०,००० डोक्यावर तसेच. तेच १०,००० गटातून शेकडा २ नं घेतले आणि दर महिन्याला १,००० मुद्दल फेडलं, तर दहा महिन्यांत सगळं मिळून १,१०० रुपये व्याज होतं. तेही आपल्याच गटाच्या पेटीत राहतं. आणि हप्त्याला २५ रुपये बाजूला टाकले, तर वर्षाला १,३०० रुपये कुणाचंही व्याज न देता हातात येतात. डाळ, गूळ, तेल, नारळ एवढ्यात बसतं की नाही, तुम्हीच ठरवा.

गौरीनं सांगितलं होतं, आधी खुंट पूर, मग हाका मार. मला ही ओळ फार आवडते. गुरं येणार कुठून, याची काळजी तिच्यावर. पण खुंट पुरायचे आणि दावी वळायची ते घरच्यांनी. आपल्या गटाची पंचसूत्री दुसरं काय आहे? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब, हे आपले पाच खुंट.

चाहूल लागली पाहिजे

या कहाणीत मला सगळ्यात मोठा चमत्कार कण्यांचाही वाटत नाही आणि गाईंचाही वाटत नाही. त्या म्हातारीला चाहूल लागली, हा मोठा चमत्कार. अंधार पडताना एक माणूस तळ्याकडे चाललाय हे तिला कळलं, तिनं थांबवून विचारलं आणि त्याचं ऐकून घेतलं. पैसा, धान्य सगळं नंतर आलं. पहिल्यांदा विचारपूस आली.

आपल्याकडे कर्जापायी किती घरं उघडी पडली, हे या सभेत कुणाला सांगायला नको. त्यातल्या काही ताई आज इथे बसल्या आहेत. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे की गटाच्या बैठकीत फक्त हप्ता आला की नाही एवढंच बघू नका. जी ताई दोन बैठकांना आली नाही, जी म्हणते घरी हल्ली कुणी नीट जेवत नाही, जिचा माणूस बोलेनासा झालाय, झोपत नाही, ‘माझं ओझं उतरवून टाकतो’ असं काही बोलतो, तिच्या घरी जा. एकटी नको, दोघी-तिघी मिळून जा. असं बोलणाऱ्या माणसाला एकटं सोडू नका, औषधाचे डबे त्याच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा, आरोग्य केंद्रात घेऊन जा. सरकारचा टेलि-मानस म्हणून १४४१६ हा फोन नंबर आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. सभा संपल्यावर हा नंबर सगळ्यांनी गटाच्या हजेरी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

आणि कहाणीतल्या त्या आईकडेही बघा. नवरा रिकाम्या हातानं आला, वर पाहुणी घेऊन आला. तिनं टोमणा मारला नाही, दिवा लावला. याचा अर्थ बाईनं सगळं गप्प सोसावं असा मी काढत नाही. उलट घरात काय आहे आणि काय नाही, हे तिनं पहिल्यांदाच पोरांना खरं सांगितलं होतं. घरातल्या पोरांना आणि माणसाला ‘यंदा एवढंच जमेल’ हे मोकळेपणानं सांगता येणं, ही मोठी गोष्ट आहे. ते लपवण्यासाठीच आपण गुपचूप कर्ज काढतो.

आता एक अवघड गोष्ट बोलते, राग मानू नका. कहाणीतला बाप तळ्यावरून परत आला. ज्यांचे परत आले नाहीत, त्यांच्या बायका गौरीच्या दिवसांत कुठे असतात? चुलीपाशी. पुरण त्याच वाटतात, पोळ्या त्याच लाटतात. पण गौर आत घेताना त्या मागे सरतात आणि हळदी-कुंकवाच्या वेळी आतल्या खोलीत जातात. कुणी ‘जा’ म्हणत नाही, तरी जातात. कहाणीत सवाष्णीची ओटी भरायला सांगितलंय, हे मला माहीत आहे. पण त्याच कहाणीत गौर सगळ्यात दुःखी घर शोधत आली, हेही आहे. आज गावातलं ते घर कुणाचं आहे?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये त्या गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या अंत्यविधीच्या वेळी कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात होणार नाही, असं त्यांनी ठरवलं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. म्हणजे हे करता येतं. आपल्याला ठरावाची वाटही बघायची गरज नाही. आपल्या गटात दहा जणी आहेत, त्यात एकीचा माणूस गेलाय. यंदा उंबऱ्यावर गौरीचे पाय धुवायला तिला पुढे बोलवायचं, एवढं नऊ जणींनी ठरवलं तर कोण अडवणार?

यंदा काय करायचं?

माझ्या मनात चार गोष्टी आहेत. त्या ग्रामसंघापुढे ठेवते. चर्चा तुम्ही करा, बदल तुम्ही सुचवा.

पहिली, यंदा गौर विसर्जनानंतरच्या पहिल्या बैठकीपासून प्रत्येक गटानं ‘गौरीची बचत’ सुरू करावी. रक्कम झेपेल तेवढी, पण हिशेब वेगळ्या पानावर. पुढच्या श्रावणात ती वाटून घ्यायची.

दुसरी, डाळ, गूळ, तेल हे सामान गटानं मिळून घाऊक आणावं. दहा घरांचं एकदम घेतलं की भावही बरा मिळतो आणि एसटीच्या नाहीतर रिक्षाच्या फेऱ्याही वाचतात.

तिसरी, सणासाठी पैसे कमी पडत असतील, तर सावकाराच्या दारात जायच्या आधी गटात सांगावं. ‘घरखर्च’ असं लपवून न लिहिता ‘गौरीसाठी’ असं सरळ लिहावं. लिहिलं म्हणजे बोलता येईल, आणि बोललं म्हणजे किती पुरेल हे चार जणी मिळून ठरवता येईल.

चौथी, गौरीच्या तीन दिवसांत प्रत्येक गटानं एका तरी अशा घरी जावं, जिथे यंदा दिवा मंद आहे. जाताना वाटीभर पुरण, चार भाज्या आणि बसायला वेळ घेऊन जावं.

गौर जाताना वाळू देऊन गेली. ज्यांच्याकडे ही प्रथा आहे, त्या विसर्जनाच्या पाण्यातली वाळू अजूनही आणून घरात टाकतात. यंदा ती वाळू धान्याच्या कोठीवर टाकाल, पेटीवर टाकाल, तेव्हा चिमूटभर गटाच्या पेटीवरही टाका.

तुम्हा सगळ्यांच्या घरी गौर सुखानं येवो आणि सुखानं जावो. आता सचिव ताईंनी अर्ज वाचायला घ्यावेत. एकेक अर्ज सावकाश वाचूया.